एटीकेटी, गोंद आणि लाल टिंबं

एकानं इथं 'शिक्षण सोडू का' विचारलंय, त्यावर कुणीतरी लिहिलंय, 'ध्येय मोठं ठेवा, चिकाटी आपोआप येते.' माझ्या बाबतीत उलटं झालं.

साताऱ्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला गणितात एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला, पण पुढच्या वर्षाला जाता आलं. घरी सांगायची छाती होईना. तेव्हा मी कर्मवीर अण्णांच्या (भाऊराव पाटलांच्या) 'कमवा आणि शिका' योजनेत होतो. ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबरच्या चिठ्ठ्या डकवायचं काम. संध्याकाळी थप्पी मोजता यायची: आज ४२. अभ्यासाचं असं काही मोजताच येत नव्हतं, खरं दुखणं तिथं होतं.

मग शंभरपानी वही घेतली. रोज इंटिग्रेशनची तीन गणितं, उत्तर न बघता. सुटलं की समासात लाल टिंब. अडलेलं गणित खोडायचं नाही, दुसऱ्या दिवशी सुरुवात त्यानंच. पहिल्या आठवड्यात टिंबं चार. (गोंदाचे डाग मात्र पानोपानी.) दिवाळीपर्यंत वही भरली आणि पुढं पेपर सुटला. ५२ मार्क, काही डोंगर नाही उचलला. पण वही अजून ट्रंकेत आहे.

आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्य घेऊन आले, हे सगळ्यांना पाठ. त्याआधी १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते, ते कुणी सांगत नाही.

ज्यानं 'शिक्षण सोडू का' विचारलंय, त्याला: किती विषय राहिलेत? दोनच असतील तर आधी त्यातला सोपा धर, आणि वही आजच आण.