मोबाईलला भ्यायचं आणि टाकीवर पोरगं बसवायचं? पेट्रोल पंपावरच्या समजुती

उद्यमनगरी

परवा रात्री आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तोच मेसेज परत आला. उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, अर्धीच भरा नाहीतर स्फोट होतो, या आठवड्यात पाच ठिकाणी झालेत, आणि खाली इंडियन ऑइलचं नाव. त्याच्याखाली एकानं जोडलं, पंपावर खिशात मोबाईल चालू असला तरी भडका उडतो. दुसरा म्हणाला पहाटे भरा, गार पेट्रोल जास्त मिळतंय. सगळ्यांनी हात जोडले. मला काय राहवेना.

आधी टाकीचं. इंडियन ऑइलनं स्वतःच सांगितलंय की हा मेसेज खोटा आहे, गाडीच्या कंपनीनं दिलेल्या मापापर्यंत उन्हाळा असू दे नाहीतर हिवाळा, भरा. पेट्रोल तापलं की फुगतं हे खरं, पण किती? अंशाला साधारण हजारातला एक भाग. १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर २०० मिली वाढणार, पाण्याचा एक ग्लास. आणि आपोआप पेटायचं तर त्याला अडीचशे अंशांपर्यंत तरी तापायला लागतंय. आपल्याकडं पारा ४० ला टेकला की पेपरात बातमी येते. पण फुल म्हणजे झाकणाला टेकेपर्यंत नव्हे. नॉझल खटकन बंद झालं की संपलं. गाडी हलवून हलवून अजून तीस रुपयाचं बसवणारे लोक आहेत ना, त्यांच्या गाड्या मग माझ्या गॅरेजवर ढकलत येतात. बीएस-फोर, म्हणजे प्रदूषणाच्या त्या नियमापासूनच्या गाड्यांत, टाकीतली वाफ धरायला कोळशाचा डबा असतो, त्यात पातळ पेट्रोल उतरलं की गाडी उचलत नाही.

पहाटेचं तर काहीच नाही. पंपाची टाकी जमिनीखाली, तिथं सकाळ आणि दुपार सारखीच.

आता मला खरं जे खुपलं ते. परवा लाईनीत माझ्यापुढं एक जण होता. मागं बायको, तिच्या मांडीवर लहानगं, आणि टाकीवर चार-पाच वर्षाचं पोरगं. कोणी उतरलं नाही. बापानं पोराला मागं सरकवलं, झाकण उघडलं, पंपावरच्या पोरानं नॉझल त्या लेकराच्या गुडघ्यावरनं पुढं घातलं. काढताना दोन थेंब गुडघ्यावर पडले, बापानं अंगठ्यानं पुसले. आणि हाच माणूस मागच्या पोरीला ओरडला, ए बाई, मोबाईल ठेव आत! खाली गरम सायलेन्सर, वर उघडी टाकी, मध्ये पोरगं, आणि भ्यायचं कशाला तर मोबाईलला.

पंपावरचा माणूस

१४ वर्षं पंपावर काढली म्हणून बोलतोय. तुमच्यासारखे जाणते लोक लिहितात मोबाईलनं काही होत नाही, आणि उद्या पोरं आमच्यासमोर व्हिडिओ कॉल लावून उभी राहतात. आम्ही हटकलं तर शिव्या आम्हाला. लायसन नागपूरच्या पेसोचं, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा खात्याचं असतंय, आग, काडी, ठिणगी पाडणारं काहीही आवारात चालत नाही. काय झालं तर जबाब आम्हाला द्यायला लागतोय, तुम्हाला नाही.

एक सांगतो. एक पोरगा कानाला फोन लावून गाडीवर बसलेला. नॉझल टाकीत. पलीकडनं कोण काय बोललं देव जाणे, ह्यानं सेल्फ मारला, गिअर टाकला आणि निघाला. नॉझल ओढला गेला, पेट्रोल आमच्या पोराच्या छातीवर. पेटलं नाही हे नशीब. त्या पोराचा शर्ट काढून पाणी मारताना माझे हात थरथरत होते. त्या दिवसापासनं मोबाईल म्हणजे मोबाईल बंद.

उद्यमनगरी

दादा, तुमच्या गोष्टीत मोबाईलनं ठिणगी कुठं पाडली? त्यानं लक्ष उडालं. मग पाटीवर तेच लिहा की, बोलत बोलत पेट्रोल भरू नका. अमेरिकेत पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटनं पंपावरच्या आगी गोळा करून बघितल्या, मोबाईलनं लागलेली एक पण पक्की सापडली नाही, स्थिर विजेच्या मात्र ढीगभर. आणि मोबाईल बंदची पाटी जिथं आहे त्याच्या वीतभर खाली मशीनवर क्यूआर चिकटवलाय. मग पैसे देताना तेवढा मोबाईल चालतोय होय?

पंपावरचा माणूस

क्यूआर मालकानं लावलाय. आम्ही चारदा सांगितलं खांबाला लावा म्हणून.

राजारामपुरीची मास्तरीण

हायस्कूलला सायन्स शिकवते म्हणून मध्ये पडते. उद्यमनगरी, तुमचं बरंचसं बरोबर आहे, पण गरम सायलेन्सरवर थेंब पडला की भडका, ही पण एक समजूतच आहे. तुम्हीच वर अडीचशे अंश लिहिलंत. ते बंद भांड्यातलं, प्रयोगशाळेतलं माप. उघड्या हवेत, वारा असताना, गरम लोखंडावर पडलेलं पेट्रोल बहुतेक वेळा पेट घ्यायच्या आधीच उडून जातं, त्याला त्याहून कितीतरी तापलेला पत्रा लागतो. धोका त्या वाफेचा. पेट्रोल उणे ४० अंशांलासुद्धा पेटण्याइतकी वाफ सोडतं, ती हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, त्यामुळे वर जात नाही, खाली पायाशी साचते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ झाली की बारीक ठिणगी पुरे. आणि ठिणगी गाडीतच असते, प्लगची सैल टोपी, बॅटरीचं ढिलं टर्मिनल, सेल्फची मोटर. म्हणून सांडलं की तिथंच स्टार्टर मारायचा नाही, गाडी ढकलत लांब न्यायची. हे कोण करतं सांगा.

आणि स्थिर वीज. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत नायलॉनचं विंडचीटर घालून रेक्झिनच्या सीटवरनं घसरत उतरलात की अंगात चार्ज साठतो. म्हणून उतरायचं आधी, मग हात हँडलच्या उघड्या लोखंडाला लावायचा, मग झाकण. पेट्रोल भरणं चालू असताना अर्ध्यात उतरायचं नाही. आम्हा स्कूटरवाल्यांना बऱ्याच गाड्यांत सीट उचलायला उतरावंच लागतं, बाईकवाल्यांना तेवढे कष्ट नको असतात.

उद्यमनगरी

सायलेन्सरचं मान्य करतो, मी ते घाईत लिहिलं. पण म्हणून लेकराच्या गुडघ्यावर पेट्रोल चालतं असं कोणी वाचू नका.

गंगावेस

हे सगळं ठीक आहे पण खरी लूट कोण बघत नाही. १०० चं भरू नका, ११० चं भरा, १०० च्या बटणात सेटिंग असतंय. मी दहा वर्षं ११० चंच भरतो.

पंपावरचा माणूस

भावा, मशीनला ११० आणि १०० यातला फरक कळत नाही. माप मारायचंच असलं तर दोन्हीत मारता येतंय. शंका असली तर पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं ते माग, तुझ्यासमोर भरून दाखवायला लागतं. ५ लिटरला २५ मिली इकडंतिकडं चालतंय, त्याच्या वर गेलं तर वैधमापनला, म्हणजे वजन-मापाच्या सरकारी खात्याला तक्रार कर. दहा वर्षांत मागितलंस का एकदा तरी?

गंगावेस

नाही मागितलं. मागच्या लाईनीतले अंगावर येतात. पण मग माझं ॲव्हरेज ५२ वरनं ४४ ला कसं आलं? माप बरोबर असेल तर मालच खोटा आहे. ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, ई-२०. त्यानं गाड्यांची वाट लागली.

शिरोळचा ऊसकरी

हां, आला का शेवटी उसावर. आमच्या उसाचं काय बी चांगलं झालं की शहरातल्या लोकांच्या पोटात दुखतंय. इथेनॉल नसतं तर कारखान्यांनी बिलं कुठनं दिली असती? कायद्यात १४ दिवसांत एफआरपी, म्हंजे उसाचा सरकारनं ठरवलेला दर, द्यायची हाय, आम्ही किती आंदोलनं केली तवा कुठं मिळतीया. इथेनॉलचा पैसा तेल कंपनीकडनं लवकर येतोय म्हणून निदान बिल तरी निघतंय. आणि २०२३ च्या डिसेंबरात रसापासनं इथेनॉल करायला सरकारनंच खोडा घातला तवा तुम्ही कुठं होता?

गंगावेस

दादा माझं भांडण तुमच्याशी नाही. पण मी विचारून घेतलंय का माझ्या टाकीत काय घालायचं ते? ई-२० शिवाय दुसरं पेट्रोल साध्या दरात मिळतच नाही. २०१४ ची गाडी आहे माझी.

शिरोळचा ऊसकरी

आमाला बी कोण विचारून युरियाचं पोतं ४५ किलोचं करत न्हाई. ५० चं होतं न्हवं? दोन किलोमीटर कमी पडलं म्हणून एवढं रडायचं? आमचा ऊस २०१९ ला आठ दिवस पाण्याखाली कुजला.

गंगावेस

दोन नाही, आठ. आणि तुमचा ऊस बुडाला त्याचा माझ्या गाडीशी काय संबंध? प्रत्येक गोष्टीत शेतकरी पुढं केला की बाकीच्यांनी गप्प बसायचं होय?

उद्यमनगरी

दोघं जरा ऐका, हे माझं रोजचं काम आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा, म्हणून ॲव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या टू-व्हीलरला ३ ते ४ टक्के घट लिहिलीय. ५२ चे ५० होतील. ४४ होत नाहीत. गंगावेस, तुझी गाडी आण, एअर फिल्टर आणि मागचा ब्रेक बघू, माझी खात्री आहे ब्रेक धरतोय.

पण ऊसकरी दादा, सगळं गोड नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचे रबर मी उघडतो तेव्हा फुगलेले, चिकट झालेले दिसतात. गेल्या महिन्यात एक आली, टाकीखालचा पाईप नखानं दाबला तर चिरला. थेंब थेंब गळत होता थेट इंजिनच्या फिन्सवर, आणि मालक म्हणतो वास येतोय हो थोडा. याला मी धोका म्हणतो. जुनी गाडी असली तर तो पाईप बदला, किरकोळ खर्च आहे.

शिरोळचा ऊसकरी

पाईप बदलायचं बोललासा, ते पटलं. नवीन पाईप आमच्या पोराच्या गाडीला पण घालून घेतो. पण उसाला नावं ठेवलेली चालणार न्हाईत.

बावडेकर

२०१९ च्या आपल्या कोल्हापूरच्या पुराचं निघालंय म्हणून लिहितो. शिरोलीला हायवे बंद, टँकर येईनात, पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांना राखून ठेवलेलं. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन लाईनीत उभे. एक पंप देईना, दुसऱ्यानं दिलं. मी दोन लिटरच्या दोन बाटल्या घरात, देवघराच्या खाली ठेवल्या. आईनं संध्याकाळी दिवा लावला आणि म्हणाली, अरे कसला वास येतोय? मी धावत जाऊन बाटल्या गच्चीवर नेल्या. एक बाटली बुडाशी मऊ पडून फुगलेली. आजही ती निरांजन डोळ्यासमोर येते. आमच्या घरात सात माणसं होती.

राजारामपुरीची मास्तरीण

देवा. जमिनीलगत साचते म्हटलं ना, ती हीच वाफ. आणि भरतानाही प्लॅस्टिकमध्ये साठलेल्या विजेला जमिनीत जायला वाट नसते, बाटली हातात धरून भरली तर आणखीनच. पंपावरचे दादा, बाटली नाकारता त्यासाठी तुमच्याशी कोणी भांडलं तर त्याला हे वाचायला द्या.

पंपावरचा माणूस

रोज भांडतात. गाडी पुढच्या चौकात बंद पडलीय, बायको उभी आहे, द्या की एक बाटली. माणुसकी नाही का म्हणतात. पावसात भिजलेला माणूस समोर असला की नाही म्हणताना जीवावर येतंय, आणि मी पण एक-दोनदा दिलंय, खोटं कशाला बोलू. आता देणार नाही.

उतरायचं म्हणताय ते मात्र आमच्या पोरांना सांगितलं आज. सकाळपासनं प्रत्येकाला, दादा उतरा, आधी पोराला खाली घ्या. निम्मे उतरले. एक जण म्हणाला वीस वर्षांत कोणी सांगितलं नाही.

उद्यमनगरी

निम्मे पण पुष्कळ झाले.

पंपावरचा माणूस

पण मोबाईलचं मी मागं घेत नाही. नॉझल टाकीत असताना फोन खिशात, माझ्या पंपावर हेच चालणार.

उद्यमनगरी

नॉझल टाकीत असताना, एवढंच असेल तर मला मान्य. क्यूआर खांबाला लागला की कळवा.