लक्ष्मी विलास घाईत उरकू नका
वर कुणीतरी लिहिलंय की बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस अर्ध्या तासात होतो, मला नाही पटलं. ऑडिओ गाइड घ्याच आणि दरबार हॉलमध्ये जरा निवांत थांबा, खालची फरशी बघा, व्हेनिशियन मोझॅक आहे, बारीक बारीक तुकडे जोडून केलेली, आणि खिडक्यांच्या बेल्जियन रंगीत काचांवर ऊन आलं की नुसतं बघत राहावंसं वाटतं. सयाजीराव महाराजांनी बांधून घेतला हा, १८९० साली पूर्ण झाला. आणि हो, आवारातलंच फत्तेसिंह म्युझियम अजिबात चुकवू नका, तिथे राजा रविवर्म्याची ओरिजिनल चित्रं आहेत, साडीच्या जरीची ती चमक कॅलेंडरवरच्या प्रिंटमध्ये दिसतच नाही हो. फक्त सोमवार टाळा, बंद असतं.