जुनी सेकंडहँड सेडान वर्षानुवर्षं सांभाळणारे कोण कोण आहेत? अनुभव सांगा

डिचोलीकर
काल फर्मागुडीच्या चढावर मारुतीची एक चंदेरी एस्टीम पुढे होती, मागच्या काचेवर मंगेशीचा जुना स्टिकर. ते टेललाइट बघितले आणि आमची गाडी घरी आली तो दिवस आठवला, मग घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच. म्हणून धागा काढतोय.

आमची २००३ ची एस्टीम. बाबांनी २००८ मध्ये घेतली, पणजीला बँकेत असलेल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा. त्याच वर्षी स्विफ्ट डिझायर नवीन आली होती, शेजारीपाजारी सगळे म्हणत होते मास्तर थोडं कर्ज काढा आणि नवी घ्या, पण बाबांना कर्ज नको होतं. गाडी अंगणात आली, आजीने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि पहिली फेरी मंगेशी आणि कवळे.

गाडी अजून आमच्याकडेच आहे. २०१८ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशे होती, २०२३ ला परत गेलो तर पाच हजार, २०२२ च्या एप्रिलपासून जुन्या खाजगी गाड्यांची वाढवली ना. भरले. आता २०२८ पर्यंत चिंता नाही.

इंजिन आजवर उघडलेलं नाही. टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, वॉटर पंप, लोअर आर्मचे बुश, हे होतच असतं. गोव्यात जुन्या गाडीचा खरा शत्रू पाणी आणि खारी हवा. आमची गाडी फणसाखाली उभी असते, पानं वायपरच्या खाली जी जाळी असते तिथे जाऊन बसतात आणि कुजून तिथली पाणी जायची वाट बंद होते, मग पाणी डॅशबोर्डखालून आत. एका पावसाळ्यात बाबांच्या पायाखालची मॅट उचलली तर खाली चिखल आणि फोमला बुरशी. पत्र्याचं काम करणाऱ्या मेस्ताने स्क्रूड्रायव्हर टोचून दाखवला, रनिंग बोर्डात सरळ आत गेला! तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, आतून मेण मारलं, वरून अंडरबॉडी कोटिंग. तेव्हापासून मे महिना संपायच्या आत जाळी उघडून साफ करायची म्हणजे करायचीच. पण डिकीची वेळ यायची होती, ते नंतर सांगतो.

तुमच्याकडे कुठली गाडी, किती वर्षं, काय काय केलंत? सगळं लिहा.

किनाऱ्यावरची
मोरजी. घरातून समुद्र दिसतो म्हणजे समजा. व्हेर्ना २०११ ची, दिराकडून आमच्याकडे आली. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात पाणी जायला, रबराच्या आड, ती कोणी बघतच नाही. वाळूने बुजली की पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून कुजतो, बाहेरून रंग चकचकीत. मी पावसाळ्याच्या आधी केसांची पिन घेऊन चारही दारांची भोकं मोकळी करते. गेल्या खेपेला मागच्या डाव्या दारातून तांबडं पाणी आलं भळभळ, त्यात वाळू आणि एक मेलेला झुरळ. आणि आठवड्याला एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुवायची, नुसती वरून नाही. वरून पुसून काय उपयोग, मीठ खाली बसतं.

माटोळी
एस्टीम!!! अहो ती डिकी! चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांधतात त्याचं, सगळं सामान, नारळाची पेंड, सुपारीचे घोस, तोरिंगं, केळ्यांचे घड, एका फेरीत. आता आमच्याकडे हॅचबॅक आहे, दोन फेऱ्या होतात आणि दोनदा पार्किंग शोधायचं 😭

डिचोलीकर
@माटोळी आमच्यात अजून त्याच डिकीतून येतं सगळं. त्याच डिकीची गोष्ट राहिली होती. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठायचं, डिकीचं रबर कडक झालं होतं म्हणून. नवीन रबर मापाने कापून मिळतं, स्वस्त आहे, सगळ्यांनी एकदा स्टेपनी उचलून खाली हात घालून बघा.

अण्णा फोंडा
माझ्या मेव्हण्याचं गॅरेज असल्यामुळे लहानपण तिथेच गेलं, दोन गोष्टी सांगतो. पहिली, गाडी गरम होते म्हटलं की काही जण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप, काढून टाकतात. काढू देऊ नका. इंजिन मग नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते, आणि गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं. खराब असेल तर नवीन घाला, फार महाग नाही. आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतत राहू नका, कूलंट वापरा, आतून गंज धरला की रेडिएटर गेला आणि पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील.

दुसरी ब्रेक ऑइलची. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपल्याकडे ओलावा काय कमी आहे. दोन वर्षांनी बदला. जुन्या ऑइलमध्ये पाणी असलं की चोर्ल्याहून केरीकडे उतरताना ब्रेक तापतात, त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम मऊ लागतं. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावरच उतरायचं, न्यूट्रल तर कधीच नाही. गाडी कितीही चांगली असो.

घाटवाट
अण्णा +१. आम्ही दर महिन्याला बेळगावला जातो, मुलगी तिथे शिकते. सिटी २००९ ची, मी तिसरा मालक. घाटात कधी दगा दिला नाही. येताना कुंदा ठरलेला. कुंदा कुठल्या दुकानातला आणायचा यावर घरात जेवढा वाद होतो तेवढा गाडी विकायची की नाही यावरही होत नाही.

काजूबी
कुंद्याचा विषय काढलात ना आता रात्री झोप नाही 😄 परत येताना माझ्यासाठी एक डबा

तारवटीण
मिस्टर जहाजावर असतात, गाडी वर्षातले कितीतरी महिने उभीच. मला चालवता येते पण मुलांच्या शाळेसाठी स्कूटर बरी. उभ्या गाडीचा त्रास वेगळाच असतो बघा. बॅटरी उतरते, टायरचा एकच भाग दबून राहतो, सीट बेल्टला हिरवी बुरशी, आणि एकदा हँडब्रेक ओढून ठेवला होता तर पावसात मागचं ड्रम चिकटलं, गाडी हलेचना, मागची चाकं घसपटत होती. तेव्हापासून हँडब्रेक नाही, गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड. रविवारी सकाळी मी स्वतः मडगावपर्यंत नेऊन आणते, नुसतं जागच्या जागी चालू करून बंद केलं तर बॅटरी भरत नाही असं मेकॅनिक म्हणाला. एसी पण चालवायचा, पावसातसुद्धा, म्हणजे आत वास येत नाही. उंदरांचं मात्र काही जमलेलं नाही. डांबर गोळ्या, तंबाखूची पानं, सगळं करून झालं, तरी वायर कुरतडतातच. कोणाकडे काही खात्रीचा उपाय असला तर सांगा हो.

किनाऱ्यावरची
@तारवटीण बाय, रात्री बोनेट थोडं उघडं ठेवून बघ. उजेड आणि हवा असली की उंदीर आत घरटं करत नाहीत असा आमचा अनुभव. आणि गाडीजवळ कोंबड्यांचं खाणं, कुत्र्याचं भांडं ठेवायचं नाही. मिस्टर कधी येतात?

तारवटीण
शिगम्याला येतील म्हणतात, बघू. बोनेटचं आजच करते. देव बरें करूं.

लाल माती
उसगाव. २०१२ मध्ये खाणी बंद व्हायच्या आधीचे दिवस आठवतात का कोणाला, ट्रकांची रांग, सगळं लाल, झाडांची पानं सुद्धा. माझ्याकडे तेव्हा अॅक्सेंट होती, एका नातेवाइकांकडून घेतलेली. एअर फिल्टर हातात घेऊन आपटला की समोर लाल ढग. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या अंतरावर बदलून चालायचंच नाही, त्याच्या निम्म्यातच बदलायचो. काचेच्या रबरात धूळ बसायची, काच खालीवर करताना करकर आवाज आणि उभे ओरखडे. त्या गाडीच्या दारातली धूळ मी कितीतरी वर्षांनी काढली. ट्रक बंद झाले तेव्हा रस्ता मोकळा झाला पण गावातल्या अर्ध्या घरांची मिळकत गेली. माझ्या भावाचा ट्रक होता, दारात उभा राहून गंजला. बँकेचे हप्ते चालूच. गाडीच्या धाग्यावर हे लिहू नये कदाचित पण उभी गाडी गंजते हे वर तारवटीणताईंनी लिहिलं आणि तेच आठवलं.

अण्णा फोंडा
लिहायलाच पाहिजे होतं भाऊ. आमच्या गॅरेजच्या मागे असे ट्रक उभे होते, त्यांचे मालक येऊन नुसते बघून जायचे.

नवशिका
मला सल्ला हवाय. बजेट कमी आहे, आई-बाबा आणि आजोबा, आजोबांना उंच गाडीत चढता येत नाही म्हणून सेडानच. बेळगावहून एक केए, म्हणजे कर्नाटकच्या नंबरची मिळतेय स्वस्तात, २०१३ ची. घेऊ का? वर्षभर तसाच नंबर चालेल ना?

घाटवाट
@नवशिका कायद्याने बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली तर इथली नोंदणी करावीच लागते. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि मालकी बदलाचे २९ आणि ३०. त्याच्यावर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, ते हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. इथला रोड टॅक्स वेगळा, तो धरून हिशेब करा, मग स्वस्त राहते का बघा. आणि विमा! जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच. पॉलिसी मात्र चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर उद्या अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

काजूबी
आणि पुराची गाडी नाही ना ते बघ. २०१९ ला कोल्हापूर सांगलीत केवढ्या गाड्या बुडाल्या होत्या, २०२१ च्या जुलैत आपल्या सत्तरीत, डिचोलीत. त्यातल्या काही धुऊन पुसून बाजारात फिरतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ, जो भाग नेहमी आत गुंडाळलेला असतो तिथे चिखलाची रेघ दिसते. माझ्या मामेभावाला एका दलालाने अशीच चिकटवली होती, मीटर मागे फिरवलेला, आणि बेल्ट मीच ओढून दाखवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला बिचाऱ्याचा.

डिचोलीकर
काजूबी हे फार महत्त्वाचं सांगितलंत. नवशिका, क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हरची सीट, हे मीटरशी जुळतंय का बघ. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. कमी चाललेली गाडी म्हणतात आणि टायर बदलून झालेले असतील तर विचार की का. आणि सकाळी थंड इंजिनावर जा बघायला, आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांग.

नवशिका
बाप रे. बरं झालं विचारलं. आजोबांना घेऊन रविवारी जातोय, बसून बघू देत त्यांना आधी. फॉर्मचं आईला दाखवलं, तिने वहीत उतरवून घेतलं.

माटोळी
आजोबांना नेताय ना, फार छान. माझ्या सासऱ्यांना पण हॅचबॅकच्या मागच्या सीटवर पाय मोकळे होत नाहीत, सेडानमध्ये कसं ऐसपैस.
बरं एक विचारते, बाजारातून मासळी आणताना पिशवीतलं पाणी डिकीत सांडलं तर वास कसा घालवायचा? बांगडे होते. तीन दिवस झाले.

किनाऱ्यावरची
आई गं बांगडे 🙈 कार्पेट पूर्ण बाहेर काढ, साबणाने धू, दोन उन्हं दे. खालचा पत्रा पण धुवायचा हं, ते खारं पाणी तिथे राहिलं तर वासापेक्षा गंज वाईट. कोरडं झाल्यावर वाटीत कॉफी पावडर ठेव. आणि पुढच्या वेळी प्लॅस्टिकचा टब, आमच्या डिकीत कायम असतो. बांगडे काय भाव मिळाले?

माटोळी
भावाचं विचारूच नकोस, इसवणाकडे तर बघितलं सुद्धा नाही.

लाल माती
वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं जुन्या गाडीवाल्यांनी काय केलं? माझ्या गाडीच्या वेळी ते नव्हतंच.

अण्णा फोंडा
२०२३ एप्रिलनंतरच्या गाड्यांचे रबर आणि पाइप त्या पेट्रोलला चालतील असेच असतात. जुन्यांचे रबरी होस, सील, इंधनाचा फिल्टर एकदा तपासून घ्या, होस कडक किंवा चिकट लागला, वास आला तर लगेच बदला, पेट्रोलचा विषय आहे, उद्यावर टाकायचा नाही. अॅव्हरेज थोडं कमी पडणारच, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. आणि इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून उभ्या गाडीत तेच पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका. तारवटीणताई तुमच्यासाठी खास.

तारवटीण
वाचलं अण्णा. रविवारच्या फेरीला उपयोगी पडेल, थोडं थोडंच भरत जाईन.

काजूबी
डिचोलीकर, तुमचा तो पत्र्याचा मेस्त अजून काम करतो का? आमच्या काकांच्या इंडिगोचं मागचं चाक जिथे असतं तिथली कमान पूर्ण गेलीय, बोट घातलं तर हातात येते. सगळे म्हणतात भंगारात द्या, काका ऐकत नाहीत, काकूला पहिल्यांदा दवाखान्यातून बाळासकट त्याच गाडीतून आणलं होतं.

डिचोलीकर
करतो करतो, आता मुलगा बघतो पण वेल्डिंग अजून ते स्वतःच करतात. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. काकांना सांगा दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नका, चारनंतर जा, आणि आधी पुट्टी मारून आणू नका, पत्रा उघडा असला की त्यांना किती कापायचं ते नीट दिसतं.