मदत हवी आहे: लंबकाच्या प्रयोगात नेमकं काय बदललं?

नमस्कार मंडळी, मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे, स्वतः एक प्रश्न तयार करायचा आणि प्रयोग करून तपासायचा. तिचा पहिला प्रश्न होता "लंबक चांगला कधी झुलतो?" मी म्हटलं चांगला म्हणजे काय मोजणार तू? मग बसून बसून "लंबकाचं वजन वाढवलं तर एका झोक्याला लागणारा वेळ बदलतो का?" असा केला. म्हणजे स्वतंत्र चल (आपण मुद्दाम बदलतो ते) वजन, अवलंबी चल (त्यामुळे बदलतं का ते मोजतो ते) वेळ, आणि लांबी नियंत्रित (तेवढीच ठेवायची). इथवर बरोबर आहे ना?

20 सेंमी दोऱ्याला एक लोखंडी नट बांधला, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर 10 झोके मोजले (जाऊन परत आला की एक), साधारण 9 सेकंद. मग त्या नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे पाच नट साखळीसारखे अडकवले तर जवळजवळ 10 सेकंद, तीनदा केलं तरी तेच. तिने खूश होऊन लिहूनही टाकलं की वजन वाढलं की वेळ वाढतो. पण पुस्तकात वजनाचा संबंध नाही असं दिलंय, आणि पुस्तकात आहे म्हणून तुझं खोड असं मला तिला अजिबात सांगायचं नाहीये, तिने स्वतः मोजलंय ते. दोरा तर बदललाच नाही, मग चुकतंय कुठे? आणि 10 झोके हापण नियंत्रित चल धरायचा का?

प्रतिसाद:
आकडे खोडू नका, ते बरोबर आहेत! दोरा तेवढाच राहिला पण लंबकाची लांबी टांगलेल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत धरतात, नट एकाखाली एक लावल्यावर तो मध्य चारेक सेंमी खाली गेला असणार, म्हणजे वजनाबरोबर लांबीपण वाढली आणि वेळ वाढला तो लांबीमुळे. पाचही नट एकाच गाठीत, एकाच उंचीवर येतील असे बांधा आणि परत मोजा. झोका थोडासाच ओढून सोडा, दरवेळी तेवढाच. 10 झोके हा चल नाही, मोजायची पद्धत आहे, बटण दाबताना होणारी चूक दहा झोक्यांत वाटली जाते. आणि वेळ बदलला नाही तर "फरक पडत नाही" हेही उत्तरच आहे, प्रयोग फसला असं तिला वाटू देऊ नका.

पुढचा प्रश्न लांबीचा घ्या. 25 सेंमीला एक झोका साधारण 1 सेकंदाचा होतो, मग 2 सेकंदांचा व्हायला किती लांबी लागेल? बहुतेक ती 50 म्हणेल. ते आधी वहीत लिहू दे, मग 50 आणि 100 दोन्ही बांधून मोजू दे.