ट्रेलसाठी हार्डटेल : गिअर बघावेत की भूमिती? मदत हवी आहे

पायवाट
ट्रेलसाठी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, घ्यायची आहे. दगड आणि मुळांची अरुंद वाट, चढ पेडल मारतच चढायचा, उतार मध्यम अवघड, मोठ्या उड्या नाहीत. उंची १७४ सेंमी, इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) ८१.५ सेंमी, पाठपिशवीसकट वजन ७८ किलो. दोन सायकलींपाशी येऊन अडकलोय. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमच्या, दोन्हींची चाकं २९ इंची, बजेटमध्ये दोन्ही बसतात.

अ : १२ गिअर, कॅसेट (मागची दातेरी चक्रं) १०–५१ दात, पुढे ३२ दात. फोर्क (पुढचं सस्पेन्शन) १२० मिमी दबणारा, कॉइल म्हणजे स्प्रिंगचा. हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन) ६८ अंश, रीच (पेडलच्या अक्षापासून त्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) ४३० मिमी. मागे १४१ मिमी क्विक रिलीज (खाचेत बसणारा, लिव्हरने घट्ट होणारा बारीक दांडा). सीटपोस्ट (सीटची दांडी) २७.२ मिमी.

ब : ११ गिअर, कॅसेट ११–५१, पुढे ३२च. फोर्क १३० मिमी, एअर म्हणजे हवेचा. हेड अँगल ६५.५, सीट अँगल (सीटखालच्या नळीचा कोन) ७५. रीच एम साइजला ४५५, एलला ४७५. मागे १४८ × १२ मिमीचा, फ्रेमच्या भोकातून आरपार जाणारा थ्रू-अ‍ॅक्सल. सीटपोस्ट ३०.९.

ड्रॉपर (चालवताना बटणाने खाली-वर होणारी सीटची दांडी) दोन्हींना नाही. 'अ'चा डिरेलर (मागे चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) वरच्या श्रेणीतला आहे, म्हणून मन तिकडे ओढतंय. शिवाय हेड अँगल ६५.५ म्हणजे चढावर पुढचं चाक इकडेतिकडे पळणार, असं ऐकलंय. खरं आहे का?

स्पोकनिपल
ब घ्या. आधी गिअरचं भूत उतरवू. चढाला उपयोगी पडतो तो सगळ्यात हलका गिअर, आणि तो दोन्हींचा एकच आहे : पुढे ३२, मागे ५१. फरक दुसऱ्या टोकाला, १० दातांऐवजी ११. म्हणजे सपाटीवर जोरात पळताना सुमारे ९ टक्के वेग कमी. ट्रेलवर तिथवर चेन जातेच किती वेळा? चढ अजून हलका हवा असेल तर पुढे ३० दातांची चेनरिंग लावा, स्वस्तातलं काम आहे. डिरेलर तर आज ना उद्या दगडावर आपटणारच आहे, त्याच्या श्रेणीवर फ्रेम निवडू नये.

जे नंतर बदलता येत नाही ते आधी बघायचं. 'अ'चा मागचा १४१ मिमीचा क्विक रिलीज नंतर थ्रू-अ‍ॅक्सल करता येत नाही, कारण फ्रेमची खाचच वेगळी असते. त्या मापाची चांगली चाकंही फार मिळत नाहीत. २७.२ मध्ये बसणारे ड्रॉपर मोजके, तेही बहुतेक कमी ट्रॅव्हलचे, म्हणजे थोडेच खाली जाणारे. हेड ट्यूब (हँडलखालची नळी) सरळ, म्हणजे वर-खाली एकाच मापाची, असेल तर नवा फोर्क लावायची वाटही जवळपास बंद, कारण आजचे बरे फोर्क टेपर्ड असतात : वर १⅛ इंच, खाली १.५ इंच. कॅटलॉगमध्ये ही ओळ शोधा. नसेल तर हेड ट्यूब वर-खाली मोजून बघा.

कॉइल फोर्कबद्दल एक. त्यातली स्प्रिंग कंपनी सरासरी वजन धरून घालते. वरचा नॉब फिरवून प्रीलोड वाढतो, स्प्रिंग कडक होत नाही. एअर फोर्कमध्ये शॉक पंपाने हवा कमी-जास्त केली की काम झालं.

तिरकी_चेन
कोनाबद्दल जे ऐकलंय ते अर्धंच खरं आहे. कॅटलॉगमधले आकडे सायकल रिकामी उभी असतानाचे असतात. फुल सस्पेन्शन पुढून-मागून दोन्हीकडे बसते, म्हणून कोन फारसा हलत नाही. हार्डटेल फक्त पुढून बसते आणि मागच्या अ‍ॅक्सलभोवती अख्खी फ्रेम पुढे कलते.

'ब'चा हिशोब करून बघा. सॅग म्हणजे नुसत्या स्वाराच्या वजनाने फोर्क दबतो ते अंतर. १३० मिमीचा २० टक्के सॅग म्हणजे २६ मिमी. व्हीलबेस (दोन चाकांच्या अक्षांमधलं अंतर) १,१९० मिमीच्या आसपास धरला तर फ्रेम सव्वा अंशाला जरा कमी कलते. हेड अँगल ६६.६, सीट अँगल ७६च्या वर, रीच साधारण १२ मिमीने लांब, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा अक्ष) ८–९ मिमी खाली. तुम्ही प्रत्यक्षात चालवाल ती सायकल ही. पूर्ण १३० मिमी दबला तर हेड अँगल ७१ होतो. त्याच क्षणी 'अ'चा ७३च्या पुढे गेलेला असतो, आणि फोर्क तळाला जातो तो नेमका उतारावरच्या खड्ड्यात, जिथे सायकल पालथी होण्याची भीती असते. हार्डटेलला आडवा (लहान) कोन लागतो तो यासाठी.

याच कारणाने १५०–१६० मिमी फोर्कच्या हार्डटेलच्या नादी लागू नका. पुढचं टोक इतकं वर-खाली होतं की वळणात सायकल कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. १२० ते १४० पुरे.

चढावर पुढचं चाक भरकटतं ते बहुधा बसण्याची जागा फार मागे गेल्यामुळे. सीट अँगल ७५ असेल तर वजन पुढेच राहतं. सीट रेल्सवर सेंटिमीटरभर पुढे घेतली तर अजून बरं. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) मात्र लांब लावू नका, ४० ते ५० मिमी ठेवा. हँडल ७६०–७८० रुंद.

पायवाट
म्हणजे ब. पण मागे सस्पेन्शन नाही, तर थोडं थांबून स्टीलची फ्रेम बघावी का? ती धक्के खाते म्हणतात.

स्पोकनिपल
फरक पडतो, पण टायरपुढे तो किरकोळ आहे. फ्रेमचा मागचा त्रिकोण उभ्या दिशेने फारसा वाकत नाही. २.४ इंचाचा टायर मात्र बोटाच्या पेराएवढा सहज दबतो. स्टीलसाठी अर्धा-पाऊण किलो जास्त वाहण्याआधी टायरवर लक्ष द्या.

पुढे २.५ किंवा २.६, उंच आणि विरळ गोट्यांचा, मऊ रबराचा. मागे २.४, जाड केसिंगचा (टायरचं कापडी अंग), कारण हार्डटेलचं मागचं चाक दगडावर सरळ आदळतं. रिमची आतली रुंदी ३० मिमीच्या आसपास हवी. ट्यूबलेस कराच. ७८ किलोला सुरुवात पुढे २१ आणि मागे २५ पीएसआयने करा, मग एकेक पीएसआय कमी करत जा. वळणात टायर लोळल्यासारखा वाटला किंवा दगडावर रिमचा 'टण्ण' आवाज आला की दोन पीएसआय परत वाढवा. तो आवाज दुर्लक्षित केला तर रिमची कड चेपते आणि मग टायर तिथून हवा सोडत राहतो. हवा मोजायला डिजिटल गेज घ्या. उभ्या पंपाच्या काट्यावर २१ आणि २५ मधला फरक ओळखता येत नाही.

सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारा द्रव) एका टायरला १०० मिली, दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून बघायचं. आत खळखळ ऐकू आली नाही तर ते सुकलंय.

तिरकी_चेन
ब्रेकचं कोणी विचारलंच नाही. डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' अशी अक्षरं कोरलेली आहेत का बघा. स्वस्त सायकलींवर हमखास असतात. त्यावर मेटल पॅड लावले तर डिस्क लवकर झिजते. पुढे १८० मिमी तरी हवी.

पायवाट
पुढे १८०, मागे १६०, अक्षरं आहेत. डिस्क बदलेन. ड्रॉपर किती मिमीचा घ्यावा, आणि एम की एल?

स्पोकनिपल
इनसीम ८१.५ म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७२० मिमी. एमची सीट ट्यूब (सीटखालची नळी) किती मिमी?

पायवाट
४२०. एलची ४५०.

स्पोकनिपल
७२० वजा ४२० म्हणजे ३००. त्यातून सीटच्या माथ्यापासून रेलपर्यंतचे ५० गेले, उरले २५०. १७० मिमीच्या ड्रॉपरला कॉलरपासून (सीट ट्यूबच्या तोंडावर टेकणारी कड) रेलपर्यंत साधारण २२० लागतात, म्हणजे तो सुमारे ३० मिमी बाहेर ठेवून बसेल. एलमध्ये उरतात २२०, तिथे तोच ड्रॉपर जेमतेम मावेल. २०० मिमीचा एममध्ये काठावर, एलमध्ये अजिबात नाही. घेण्याआधी आतली खोली तपासा : जुना सीटपोस्ट काढून मोजपट्टी आत सोडा. बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूपाशी किंवा ट्यूबच्या वळणापाशी अडली तर खोली तिथेच संपली. १७० ला २५० मिमीच्या आसपास सरळ खोली मिळायला हवी, नेमका आकडा त्या ड्रॉपरच्या मापपत्रकात असतो. आणि केबल फ्रेमच्या आतून जायला भोक आहे ना, तेही बघा.

तिरकी_चेन
एलच्या बाजूने बोलायचं तर उतारावर उभं राहिल्यावर ४७५ स्थिर वाटतो. पण सॅगमध्ये तो ४८७ होतो, १७४ सेंमीला अरुंद वळणांत जड. एम घ्या.

ताब्यात घेताना दोन गोष्टी करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटवर (हेड ट्यूबच्या बेअरिंगवर) ठेवलेल्या बोटाला टकटक जाणवली तर तो सैल आहे, तिथेच घट्ट करून घ्या. मग पाठपिशवी घालून पेडलवर उभे राहा, फोर्कच्या दांडीवरचं रबरी कडं खाली सरकवा आणि न हिसकता उतरा. कडं २० ते २६ मिमी वर सरकलेलं असायला हवं. जास्त सरकलं तर ५ पीएसआय हवा भरून पुन्हा मोजा.