वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी एसी दीड टनाचा की दोन टनांचा?

नागपूरकर:
आमची सदनिका नागपुरात चार मजली इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर आहे. ज्या खोलीत आई आणि दोन मुले झोपतात ती १२ बाय १४ फुटांची असून उंची १० फूट आहे. भिंत पश्चिमेची, त्याच भिंतीत ४ फूट रुंदीची काचेची सरकती खिडकी, आणि डोक्यावर उघडी गच्ची. आजवर कूलरवर भागले, परंतु त्याची ओलसर हवा आईला सोसत नाही, म्हणून एसी घेण्याचे ठरवले आहे. एका दुकानदाराने १६८ चौरस फूट ऐकताच दीड टन सांगितले. दुसरा म्हणाला, ‘वरचा मजला आहे, डोळे मिटून दोन टन घ्या.’ किमतीतला फरक परवडेल, पण गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतल्याने काही बिघडते का, हे समजून घ्यायचे आहे. वापर मुख्यतः रात्री, आणि मे महिन्यात दुपारी दोन-तीन तास.

तापमापी:
दोन्ही दुकानदार क्षेत्रफळ आणि मजला यांवरून बोलत आहेत; तुम्ही उष्णतेवरून विचार करून पाहा. एक टन म्हणजे सुमारे ३,५०० वॉट इतकी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची क्षमता. पूर्वी बर्फावर गारवा मोजत, तेव्हा २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तिला हे नाव पडले. आता तुमच्या खोलीत किती उष्णता येते ते ढोबळमानाने मांडू. उघड्या स्लॅबमधून भर उन्हाळ्यात १,२०० ते १,४०० वॉट, पडदा नसलेल्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ६०० ते ८००, त्या भिंतीतून सुमारे ४००, तिघांच्या अंगाची मिळून साडेतीनशेच्या आसपास, फटींतून शिरणाऱ्या गरम हवेची ३०० आणि दिवा-पंख्याची शे-दीडशे. म्हणजे सर्वांत वाईट दुपारीही हा आकडा ३,४०० वॉटच्या आसपास राहतो.

मग एक टन पुरेल असे वाटेल, पण पुरणार नाही. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश तापमान धरून मोजलेली असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा तेच यंत्र दहा-पंधरा टक्क्यांनी, कधी त्याहूनही अधिक, कमी पडते. शिवाय दिवसभर तापलेल्या भिंती आणि स्लॅब थंड करण्यासाठी सुरुवातीला थोडी जास्त ताकद हाताशी लागते. हे सारे धरून दीड टनाचे इन्व्हर्टर यंत्र, म्हणजे गरजेनुसार आपला वेग कमी-जास्त करणारे यंत्र, योग्य ठरते. दोन टनांची गरज मला दिसत नाही.

खरा प्रश्न स्लॅबचा आहे, आणि तो टनांनी सुटत नाही. काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन घेते आणि ती उष्णता काही तासांनी खाली सोडते, त्यामुळे रात्री दहा-अकरालाही छताला हात लावला तर ते गरम लागते. अशा वेळी रिमोटवर २४ अंश दिसत असले तरी अंगावर वरून धग येत राहते, आणि ‘एसी लहान पडला’ अशी समजूत होऊन लोक मोठे यंत्र घेतात. हवा आणखी थंड होते, छत मात्र तसेच राहते. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग, चिनी फरशीचे तुकडे किंवा निदान चुन्याचा जाड हात, यांपैकी काहीही एसीच्या आधी करा. गच्ची सोसायटीची असेल तर परवानगीसाठी आताच अर्ज द्या. खिडकीला बाहेरून छज्जा किंवा बांबूची चिक लावल्यास आतल्या पडद्यापेक्षा पुष्कळ जास्त फरक पडतो, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही.

रत्नागिरीचा पाऊस:
मोठ्या यंत्राने बिघडते का, याचे उत्तर आमच्या दमट हवेत लवकर कळते. हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी होऊन निथळायला यंत्र सलग चालावे लागते. जुन्या पद्धतीचा, एकाच गतीने चालणारा मोठा एसी तापमान पटकन खाली आणून बंद पडतो, आणि खोली गार पण चिकट राहते. इन्व्हर्टर आपला वेग कमी करतो हे खरे, तरी त्यालाही खालची मर्यादा असते आणि ती बहुधा यंत्राच्या आकाराबरोबर वाढते. नागपुरात मे कोरडा असल्याने हे जाणवणार नाही. जुलै-ऑगस्टच्या रात्री मात्र दोन टनांचा एसी वारंवार चालू-बंद होण्याची शक्यता आहे.

जोडणीवाला:
‘दीड टन’ हा शब्द फार सैल आहे. खरा दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॉट, पण त्या नावाखाली ४,८०० वॉटचीही यंत्रे विकली जातात, म्हणून बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलवरची वॉटमधली क्षमता वाचूनच दोन यंत्रांची तुलना करावी. तुमच्यासाठी ५,००० च्या पुढचे घ्या. बाहेरचे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा बंदिस्त डक्टमध्ये बसवू नका. आपणच सोडलेली गरम हवा ते पुन्हा ओढू लागले की लेबलवरचे सगळे आकडे निरर्थक होतात. एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार आणि वेगळा एमसीबी (जादा भार आल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) हवा, आणि महावितरणच्या बिलावरील मंजूर भारही एकदा तपासून घ्या.

नागपूरकर:
सर्वांचे आभार. सोसायटीकडे गच्चीच्या रंगासाठी अर्ज देतो आहे. उत्तरेकडे युनिट बसवण्याजोगी जागा आहे, पण तिथून पाइप सुमारे सात मीटर लांब जाईल. त्याने क्षमतेत फार घट येते का?

जोडणीवाला:
किंचित घट येते, परंतु पश्चिमेच्या उन्हात युनिट तापण्यापेक्षा ती बरी. यंत्रासोबत बहुधा तीन मीटरच पाइप मिळतो, उरलेल्याचे पैसे वेगळे पडतील. वाढीव लांबीसाठी किती गॅस भरायचा हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बसवणाऱ्याला तो अंदाजाने नव्हे, वजनकाट्यावर मोजून भरायला सांगा.