मदत हवी आहे: बेने इस्रायल पाहुण्यांसाठी मासळीचा बेत

नमस्कार मंडळी. अलिबागला आमच्या सासरच्या घराशेजारी एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, कुटुंब राहायचं. सत्तरच्या दशकात ते इस्रायलला गेले. त्यातल्या काकी येत्या रविवारी नातवाला घेऊन जेवायला येताहेत. फोनवर म्हणाल्या, "काय पण कर गो, मासळी असली की झालं." पण नातू कोशेर, म्हणजे यहुदी धर्मातले खाण्याचे नियम, कडक पाळतो. त्यांच्या पद्धतीने कापलेलं मटण मला कुठून मिळणार, म्हणून तो विचार सोडला.

ठरवलं होतं कोळंबी भात, तळलेली सुरमई आणि सोलकढी. कोळंबी बाद, एवढं कळलं. पण सुरमईला खवले असतात का? हाताला तर गुळगुळीत लागते. सोलकढीतलं दूध चालेल? आणि माझ्या तव्यावर मोरीपासून तिसऱ्यांपर्यंत सगळं होऊन गेलंय, त्याचं काय?

रेवदंड्याचा: ताई, आम्ही बेने इस्रायलच. नियम सोपा आहे: माशाला पंखही हवेत आणि खवलेही. सुरमईचे खवले बारीक असतात. शेपटीकडून डोक्याकडे सुरी उलटी ओढा, बोटाला चिकटतील. पापलेट, रावस, बांगडा, तारली चालतात. मोरी, शिंगाळा, वाम, माकूल, खेकडे, शिंपल्या नाहीत. वाटणात सुका जवळा घालायची सवय असेल तर ती त्या दिवशी विसरा.

आम्ही यहुदी आहोत ही ओळखच मुळी माशावरून पटली, असं आमच्यात सांगतात. बाहेरून आलेल्या दाविद राहबी नावाच्या यहुद्याने आमच्या बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली, तर त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढून ठेवली. तोवर गावाला आम्ही नुसते शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली!

कोळीवाड्याची सून: एक सांगू? बाजारातून तुकड्या करून, साल काढून आणू नका. आख्खा मासा घ्या आणि कोळणीला सांगा, खवले काढू नको. घरी नातवासमोर काढा. आमच्याकडे एक पाहुणे आले होते, मी साफ करून ठेवलेल्या रावसाकडे बघतच बसले. मासा रावसच होता, पण त्यांनी ओळखायचा कशावरून?

रेवदंड्याचा: अगदी बरोबर. साल न फाटता खवला सुटला पाहिजे, ही खूण. सोलकढी बिनधास्त करा, नारळाचं दूध म्हणजे दूध नव्हे. आमच्या मटणाच्या रश्श्यातही तेच असतं, कारण मांसाबरोबर दूध-दही वर्ज्य. मासा मांसात धरत नाहीत, तरी काही घरं माशाबरोबरही दूध-दही टाळतात, तेव्हा तुकड्या दह्यात मुरवू नका. कोकमाचं आगळ, हळद, मीठ, तिखट पुरे.

तवा आणि सुरी नवी घ्या, जेवण केळीच्या पानावर वाढा. गॅस पेटवायला आणि तुकडी तव्यावर ठेवायला नातवालाच बोलवा. काटेकोर लोकांत रांधण्याला यहुदी हात लागावा लागतो.

मूळ धागाकर्ती: बापरे, हे कधीच सुचलं नसतं! काकींना आताच विचारलं. हसून म्हणाल्या, "त्याला चहा पण करता येत नाय, मीच येते सकाळी." मग रावसाचं कालवण, तळलेली सुरमई, भात, सोलकढी. शेवटचं एकच: गाबोळी मिळाली तर?

रेवदंड्याचा: खवल्याच्या माशाच्या पोटातली, तुमच्यासमोर काढलेली असेल तर जरूर. सुटी विकत घेतलेली नको. आणि काकी येणारच असतील तर कालवणात जास्त चिंच घाला, त्या पिढीला आंबट लागतं.